नवे शहर आणि एचआरची नोकरी



बडोद्याच्या मराठी घरांना स्थलांतर नवे नाही. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज कोकणातून, देशावरून गायकवाडांच्या चाकरीला इथे आले आणि इथलेच झाले. आता पुढची पिढी शिकून पुण्याला, मुंबईला, बंगळूरला, हैदराबादला जाते. तिकडच्या मुली लग्न होऊन इकडे येतात. कोणाची बदली होते, कोणाला आईवडिलांसाठी परतावे लागते. या येण्याजाण्यात ज्याची नोकरी आधीच ठरलेली असते त्याचा प्रश्न सुटलेला असतो. उरतो तो त्याच्या मागून जाणाऱ्या माणसाचा प्रश्न, आणि आपल्याकडे मागून जाणारी बहुधा बाई असते.

करिअर मार्गदर्शनाच्या या पाठात आम्ही एकच क्षेत्र घेतले आहे, मनुष्यबळ विभाग, ज्याला आता सगळे एचआर म्हणतात. बी.कॉम., एमएसडब्ल्यू, एमबीए करून या क्षेत्रात गेलेल्या माजी विद्यार्थिनी आपल्याकडे पुष्कळ आहेत. शहर बदलल्यावर त्यांची जी अडचण होते ती इतरांपेक्षा थोडी वेगळी असते. हिशेबनिसाचा ताळेबंद बडोद्यात आणि पुण्यात सारखाच जुळतो. एचआरचे काम मात्र माणसांचे आहे. त्या माणसांची भाषा, त्यांच्या सुट्ट्या, त्यांच्या पगारातली कपात, त्यांचे कामगार कार्यालय, हे सगळे त्या त्या गावाचे असते. म्हणून शहर बदलले की एचआरच्या माणसाचे निम्मे ज्ञान जुन्या घरीच राहते. आमचे म्हणणे इतकेच, की नव्या शहरात अर्ज पाठवत सुटण्याआधी ते निम्मे ज्ञान पुन्हा मिळवावे. त्याला वर्षे लागत नाहीत, नीट ठरवले तर दोन-तीन महिने पुरतात.

आधी हे काम काय आहे ते विद्यार्थ्यांसाठी सांगू. आजोबांना विचारा, त्यांच्या वेळी गिरणीत किंवा कारखान्यात 'टाइम ऑफिस' असे, 'लेबर ऑफिसर' असे, पुढे 'पर्सोनेल' आले. हजेरी, पगार, रजा, कँटीन, तक्रारी, युनियनशी बोलणी, भरती, प्रशिक्षण, अपघात झाला तर घरी निरोप पोचवणे, सगळे या खात्याकडे. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे होते. अनेक राज्यांच्या नियमांत या अधिकाऱ्याला बहुसंख्य कामगारांची भाषा आली पाहिजे अशी स्पष्ट अट होती. पदवीइतकीच भाषेची अट महत्त्वाची मानली गेली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.

या कामाचे शिक्षण देणाऱ्या जुन्या संस्थांपैकी मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ ची. जमशेदपूरची एक्सएलआरआय १९४९ ची. परळला १९४७ पासून एक श्रमविज्ञान संस्था आहे, तिला आता नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे. 'दीनबंधू' पत्राचे संपादक आणि गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे हे लोखंडे. मुंबईच्या गिरण्यांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीमुळे. आपल्या बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या समाजकार्य विद्याशाखेतही मनुष्यबळ व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. घराजवळ असलेल्या गोष्टीची किंमत आपल्याला उशिरा कळते. असो.

आता मूळ विषयाकडे वळू. बडोद्याची, एचआरमध्ये चार वर्षे काम केलेली एक मुलगी लग्नानंतर पुण्याला गेली असे समजू. तिला वाटते, पुणे म्हणजे मराठी गाव, आपले कसे अडेल? भाषेचे अडत नाही हे खरे. अडते ते दुसरीकडे.

पहिली गोष्ट व्यवसायकराची, कारण मुलाखतीत साध्या प्रश्नातून ती विचारली जाते. संविधानाच्या कलम २७६ प्रमाणे हा कर राज्याने लावायचा आणि एका माणसाला वर्षाला २,५०० रुपयांहून जास्त लावायचा नाही. त्या मर्यादेत प्रत्येक राज्य आपला हिशेब करते. गुजरातमध्ये एप्रिल २०२२ पासून महिना १२,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला हा कर नाही, त्यावर महिना २०० रुपये आहे. महाराष्ट्रात १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषाला महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० असतो. अकरा वेळा २०० आणि एकदा ३०० मिळून बरोबर २,५०० होतात. फेब्रुवारीचे कोडे सुटले! आणि महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे. म्हणजे २४,००० पगाराच्या बाईच्या पगारपत्रकात बडोद्याला २०० कापायचे आणि पुण्याला शून्य. बडोद्याच्या सवयीने पुण्यात कोणी २०० कापले, तर पहिल्याच महिन्यात पन्नास बायका टेबलासमोर उभ्या राहतील, आणि त्यांचेच बरोबर असेल.

कामगार कल्याण निधीचेही असेच आहे. गुजरात आणि महाराष्ट्रात तो जून-डिसेंबरमध्ये सहामाहीने कापतात, कर्नाटकात वर्षातून एकदा. किमान वेतनाचे दर राज्याराज्यांत वेगळे असतात, आणि एका राज्यातही विभागाप्रमाणे वेगळे.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्या मुलांच्या सोयीची आहे. १ मे १९६० पर्यंत बडोदे आणि पुणे एकाच मुंबई राज्यात होते. दुकाने व आस्थापनांचा १९४८ चा मुंबई कायदा आणि कामगार कल्याण निधीचा १९५३ चा मुंबई कायदा दोन्ही राज्यांनी वारशात घेतले. दुकानांचा कायदा पुढे महाराष्ट्राने २०१७ मध्ये आणि गुजरातने २०१९ मध्ये आपापला नवा केला. त्यामुळे बडोद्यात शिकलेल्याला पुण्याचे कागद अगदी परके वाटत नाहीत. एकाच घरातून वेगळे निघालेल्या दोन भावांच्या संसारासारखे ते आहेत, भांडी ओळखीची पण मांडणी वेगळी. महाराष्ट्राचा एक कायदा मात्र बडोदेकराने मुद्दाम वाचून जावा. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांविषयीचा तो १९७१ चा कायदा आहे. पुण्या-मुंबईच्या जुन्या करारांत आणि वादांत त्याचे नाव पदोपदी येते, आणि जुन्या कारखान्यातली मुलाखत असेल तर त्यावर प्रश्न येतोच.

सध्या या क्षेत्रात नवख्याला एक संधीही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षितता या विषयांवरचे २९ केंद्रीय कायदे त्यांत एकत्र केले आहेत. वेतनाची व्याख्या बदलली. बहुतेक भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग वेतनात धरायचा. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आवश्यक झाले. मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. कल्याण अधिकारी नेमण्याची मर्यादा पाचशेवरून अडीचशे कामगारांवर आली. वीस वर्षे एकाच खुर्चीत बसलेल्या व्यवस्थापकालाही हे सगळे नव्याने शिकावे लागत आहे. अशा वेळी बाहेरगावाहून आलेला उमेदवार आणि गावातला मुरलेला माणूस एकाच बाकावर असतात. संहिता नीट वाचून गेलेल्या मुलीचे चार शब्द मुलाखतीत वेगळे ऐकू येतात. फक्त सगळी पाने पाठ करू नयेत. वेतनाची व्याख्या, नेमणूकपत्र, ग्रॅच्युइटी, कंत्राटी कामगार, एवढे पक्के करावे.

कायद्यानंतर भूगोल. हा भाग लोकांना किरकोळ वाटतो, आम्हाला वाटत नाही. पुण्यात एचआर म्हणजे निदान दोन वेगळी कामे आहेत. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या बाजूला संगणक कंपन्या आहेत. तिथे रोज भरती, नोकरी सोडून जाणाऱ्यांची समजूत, वार्षिक मूल्यमापन, आणि बोलणे इंग्रजीत. चाकण, तळेगाव, रांजणगाव, भोसरी इकडे कारखाने. तिथे कंत्राटी कामगारांची हजेरी, युनियनचा करार, पाळ्या, बसगाड्या, कँटीनची भाजी खारट झाल्याची तक्रार, आणि बोलणे मराठी-हिंदीत. दोन्हीकडे एकच अर्ज पाठवणारा दोन्हीकडे मागे पडतो. रांजणगाव पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटर आहे आणि चाकणचा रस्ता वाहनांनी भरलेला असतो. सिंहगड रोडला घर घेऊन रांजणगावची नोकरी धरली तर ती किती दिवस टिकेल, हे उमेदवाराने विचारले नाही तरी मुलाखत घेणारा विचारतोच. म्हणून शक्य असेल तर आधी कामाचा पट्टा ठरवावा आणि मग घर. नवऱ्याची कचेरी जवळ म्हणून घर ठरते आणि बायकोची नोकरी त्या घराला जुळवून घेते, हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो आपण ठरवला हेही कोणाच्या लक्षात येत नाही. दोघांच्या मधले ठिकाण शोधायला नकाशाला काही अडचण नसते.

जाता जाता एक बारीकसे. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी तिथे काम चालू असते. बडोद्याहून गेलेल्याने भेटीगाठींसाठी गुरुवार धरला तर बंद फाटके पाहून परत यावे लागेल.

उलट दिशेने बडोद्यात येणाऱ्यांसाठीही थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या सुना आणि बदलीवर आलेली कुटुंबे हा अंक वाचतात. मकरपुऱ्याची जीआयडीसी शहराला लागून आहे, लहान-मध्यम कारखान्यांची. नंदेसरीला रसायने, कोयलीला रिफायनरी. वाघोडिया आणि सावली इकडे यंत्रसामग्रीचे मोठे कारखाने, सावलीला रेल्वेचे डबे बनतात. हालोल तर पंचमहाल जिल्ह्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात विमाने जोडण्याच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. या सगळ्या ठिकाणी एचआरच्या माणसाला गुजराती वाचता आली पाहिजे. बोलण्याचे हिंदीत भागते, पण फलकावरची सूचना, कामगाराचा हाताने लिहिलेला अर्ज आणि स्थानिक कार्यालयाचे पत्र गुजरातीत असते. देवनागरी येणाऱ्याला ही लिपी जड नाही. शिरोरेषा नाही आणि अ, ख, झ अशी काही अक्षरे वेगळी, एवढेच. रोज एक वर्तमानपत्र मोठ्याने वाचले तर महिन्याभरात वाचन सरळ होते. आपल्या शाळेतल्या कोणत्याही सातवीच्या मुलाला शेजारी बसवा, तो हसत हसत शिकवील.

आणि इथे आमच्या विद्यार्थ्यांना सांगायचे आहे. मराठी घरात, गुजराती रस्त्यावर, हिंदी दूरदर्शनवर आणि इंग्रजी पुस्तकात, अशा चार भाषा तुम्हाला सहज येतात म्हणून तुम्ही त्यांना मोजत नाही. बायोडाटात 'भाषा' या शब्दापुढे त्या शेवटच्या ओळीत जातात. एचआरच्या अर्जात त्या पहिल्या पाच ओळींत हव्यात, आणि वाचता येते, लिहिता येते, बोलता येते असे वेगवेगळे सांगून. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यानेही कामाचे नियम इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायला सांगितले होते. नियम त्या भाषेत नीट लिहू शकणारा माणूस फार थोड्या कचेऱ्यांत सापडतो.

प्रत्यक्ष शोध कसा करावा? निघण्याआधी जुन्या कंपनीतून कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवाचा दाखला, शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके आणि फॉर्म १६ हातात घ्यावे. गाव सोडल्यावर हे कागद मिळवणे म्हणजे ताप. भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकाला आधार, पॅन, बँक खाते जोडलेले आहे ना आणि नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना, ते पाहावे. निधीचे पैसे काढून नव्या घराचे फर्निचर घेण्याचा मोह होतो. तो आवरावा, निधी नव्या खात्यात वळवावा. सलग पाच वर्षे होण्याआधी काढलेल्या रकमेवर सर्वसाधारणपणे कर लागतो, आणि निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते. मुलीच्या चार वर्षांची सेवा अशी एका सोफ्यात संपवू नये.

नोकरीत खंड पडला असेल तर तो लपवू नये. तारखा पुढेमागे करून खंड झाकण्याचा सल्ला काही शहाणे देतात. ज्या कंपनीत दुसऱ्यांचे दाखले तपासण्याचे काम मागायला आपण जातो तिथे आपलेच दाखले चुकीचे निघाले तर काय राहिले? निधीच्या नोंदीत लागल्याची आणि सोडल्याची तारीख असतेच. 'लग्नानंतर पुण्यास आले, सात महिने घर लावले, या काळात श्रमसंहितांचा अभ्यास केला' हे सरळ वाक्य पुरे. फक्त तो अभ्यास खरा केलेला असावा.

मोठ्या कंपनीच्या नावावर नजर ठेवून बसण्यापेक्षा आम्ही एका वेगळ्या दाराकडे बोट दाखवू. प्रत्येक औद्योगिक वसाहतीजवळ कामगार कायद्याचे सल्लागार असतात, लोक त्यांना लेबर कन्सल्टंट म्हणतात. लहान कारखान्यांना स्वतंत्र एचआर अधिकारी परवडत नाही. अशा अनेक कारखान्यांचे पगार, निधी, राज्य विमा, व्यवसायकर, नोंदवह्या हे सल्लागार सांभाळतात. कचेरी दोन खोल्यांची, पगार कमी, पंखा आवाज करणारा. पण सहा महिन्यांत तिथे त्या शहराचे सगळे नियम हाताखालून जातात, कोणत्या कारखान्यात कोण काम पाहतो ते कळते, आणि कारखान्यांना तुमचे काम कळते. एचआरच्या जागा एका कंपनीत मोजक्याच असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच ओळखीतून भरल्या जातात. नव्या गावात ती ओळख या दोन खोल्यांतून तयार होते. एमबीए झालेल्या मुलांना हे दार कमीपणाचे वाटते. आमच्या मते ती त्यांची समजूत चुकीची आहे. शिवाय रुग्णालये, हॉटेले, मोठ्या शाळा, बांधकाम कंपन्या यांनाही एचआरची माणसे लागतात, तिकडे उमेदवारांची गर्दी कमी असते.

नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट ही या व्यवसायातल्या लोकांची संस्था १९८० मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झाली. तिच्या अनेक शहरांत शाखा आहेत आणि त्यांची व्याख्याने होतात. नव्या शहरात गेल्यावर अशा व्याख्यानाला जाऊन मागच्या रांगेत बसावे, संपल्यावर एका तरी माणसाशी कामाविषयी बोलावे. नोकरी मागू नये, प्रश्न विचारावा. केंद्र सरकारची नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ पासून आहे, गुजरात सरकारची अनुबंधम् २०२१ पासून. दोन्हीकडे नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. यावरून एक इशारा. नोकरीसाठी 'नोंदणी फी', 'अनामत', 'गणवेशाचे पैसे' मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये. खरा भरती करणारा मोबदला कंपनीकडून घेतो. नव्या गावातला, ओळख नसलेला आणि घाईत असलेला माणूस या फसवणुकीला आधी सापडतो.

मुलाखतीत बाईला हमखास विचारतात, मिस्टरांची पुन्हा बदली झाली तर? मूल लहान आहे का? हे प्रश्न पुरुषाला कोणी विचारत नाही, म्हणून आम्हाला ते पसंत नाहीत. भरतीत स्त्रीपुरुष भेद करू नये असे १९७६ चा समान वेतनाचा कायदा सांगत होता, २०१९ ची वेतनसंहिताही सांगते. पण टेबलापलीकडे बसून कायदा ऐकवला तर नोकरी मिळत नाही, हेही आम्ही जाणतो. थोडक्यात, खरे आणि न अडखळता सांगावे. 'इथे तीन-चार वर्षे तरी आहोत, मुलाची सोय सासूबाईंकडे आहे' एवढे बोलून कामाच्या प्रश्नाकडे वळावे. आणि हे खरे असायला हवे, म्हणजे सासूबाईंना आधी विचारलेले हवे.

पालकांशी आणि सासरच्या मंडळींशी इथे थोडे मोकळेपणाने बोलतो. 'आधी घर लागू दे, मग नोकरीचे बघू' हे वाक्य प्रेमानेच म्हटले जाते. घर लागते, मग सण येतात, मग दिवस जातात, मग मुलाची शाळा. सहा महिन्यांचा खंड सहा वर्षांचा होतो, तोवर कायदे बदललेले असतात आणि बरोबरीच्या मैत्रिणी व्यवस्थापक झालेल्या असतात. मग तीच मुलगी निम्म्या पगारावर पहिल्या पायरीपासून सुरुवात करते, किंवा करतच नाही. तिच्या शिक्षणाला लागलेला पैसा आणि वर्षे आपण आईबाप विसरू शकतो, ती विसरत नाही. पहिल्या तीन महिन्यांत रोज दोन तास तिला या शोधासाठी मोकळे ठेवावेत, त्या वेळेत पाहुणे, बाजारहाट, डबे दुसऱ्यांनी पाहावेत, अशी आमची विनंती आहे.

नव्या गावात माणसाला नोकरीबरोबर डोक्यावर छप्परही लागते, आणि ही गोष्ट बडोद्याने विसरू नये. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. पद होते, पगार होता. अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले आणि शहर सोडून जावे लागले. एचआरमध्ये काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही घटना इतिहासाच्या पुस्तकातून उचलून आपल्या कामाच्या पुस्तकात ठेवावी. बिहारमधून, ओडिशातून, डांगमधून आलेला मुलगा तुमच्या सहीने कामावर लागतो तेव्हा तो रात्री कुठे झोपणार आहे हे विचारणे तुमच्या कामाचाच भाग आहे.

विश्वस्त मंडळापुढे एक सूचना ठेवतो. माजी विद्यार्थ्यांची यादी आपल्याकडे वर्षवार आहे. ती शहरवार आणि कामवारही करावी. पुण्यात एचआरमध्ये कोण, हैदराबादेत कोण, मकरपुऱ्यात कोण, हे एका वहीत असले तर नव्याने जाणाऱ्या मुलीला पहिल्या आठवड्यात दोन ओळखीची माणसे मिळतील. ज्यांची संमती असेल त्यांचीच नावे घ्यावीत. वही कार्यालयात राहावी, गावभर फिरू नये. खर्च एका वहीचा.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सराव

१) एका बाईचा एकूण पगार महिना २४,००० रुपये, त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १२,०००. भविष्यनिर्वाह निधी या १२,००० वर १२ टक्के कापायचा आहे. मार्च महिन्यात तिच्या हाती बडोद्यात किती आणि पुण्यात किती रक्कम येईल? तिच्या जागी पुरुष असता तर पुण्यात मार्चमध्ये किती आणि फेब्रुवारीत किती?

२) 'उद्यापासून दुसरी पाळी दुपारी साडेतीनऐवजी तीन वाजता सुरू होईल, बस पंधरा मिनिटे आधी सुटेल' ही सूचना मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत फलकावर लावण्यासाठी लिहा. तिसरी शिकलेल्या कामगाराला ती एका वाचनात कळली पाहिजे.

३) घरात किंवा शेजारी दुसऱ्या गावाहून बडोद्यात आलेली एक व्यक्ती शोधा. इथली पहिली नोकरी मिळायला त्यांना किती दिवस लागले, ती कोणामुळे मिळाली आणि पहिल्या महिन्यात काय अडले, हे विचारून एका पानात लिहा. नाव लिहिण्याची गरज नाही.

उत्तरे महिनाअखेर वर्गशिक्षकांकडे द्यावीत. तिसऱ्या प्रश्नाची निवडक पाने पुढील अंकात छापू.